लांबणारी आगोट (पावसाळ्याआधीची बेगमी): वीज, डिझेल, पाणी वर्षानुवर्षं आटत गेलं तर ४२ घरांच्या सोसायटीने काय करावं?

सेक्टर_आठ:

दोन दिवस वीज गेली तर काय, असा हा प्रश्न नाही. तेल, आयात खत, सुटे भाग आणि परकीय चलन यांवर चालणारी सगळी औद्योगिक व्यवस्थाच पायरीपायरीने खाली येऊ लागली, तर कोपरखैरण्यातल्या साध्या सोसायटीने आजपासून काय करून ठेवावं?

इमारत स्टिल्ट अधिक ७ मजले, ४२ फ्लॅट, साधारण १६० माणसं. जमिनीखालची टाकी ८०,००० लिटर, गच्चीवरची ४०,०००. पंप ५ एचपी, थ्री-फेज, ४१५ व्होल्ट. जनरेटर ६२.५ केव्हीए. गच्चीवर २० किलोवॅट सोलर, ५४० वॅटची ३७ पॅनेल, नेट मीटरिंगवर (जादा वीज ग्रिडला जाते, बिलातून वळती होते). बोअर १५० मिमीची, पाणी मचूळ. सांडपाणी महापालिकेच्या लाइनला.

पुढच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडायचाय, म्हणून आकडे हवेत. ‘गावाला निघून जा’ हे उत्तर नको. निम्म्या घरांचं गावात काही उरलेलं नाही.

पंपहाऊस:

सभेत आधी कोसळणं म्हणजे काय ते सांगा, नाहीतर सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमाच येईल.

१२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या लाइन ट्रिप झाल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या. बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी वीज परत आली, कारण दुरुस्त करणारी माणसं, सुटे भाग आणि पैसा तिन्ही हाताशी होतं. हा धक्का. कोसळणं वेगळं. श्रीलंकेत २०२२ मध्ये रस्ते, वीजकेंद्रं, बंदर सगळं जागेवर होतं, फक्त डॉलर संपले. मार्चअखेर दिवसाला १३ तास वीज जात होती, जूनअखेर पेट्रोल-डिझेल फक्त अत्यावश्यक सेवांना मिळू लागलं. क्यूबाला १९९१ नंतर सोव्हिएत तेल मिळेनासं झालं, तेव्हा लोक सायकलवर आणि शेती बैलांवर आली, आणि ते काही महिन्यांत निभावलं नाही, वर्षं गेली.

आपल्याकडे कच्चं तेल ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं, एलपीजी निम्म्याहून जास्त, खाद्यतेलही निम्म्याहून जास्त, पोटॅश जवळजवळ सगळंच. त्यामुळे अंदाज असा धरा: वीज रोज काही तास आणि अवेळी, डिझेल रेशनवर, पाणी एक-दोन दिवसांआड, आणि पंपाचा सील मागवला तर तीन महिने पत्ता नाही.

आता पाणी. जमिनीखालच्या टाकीच्या तळापासून गच्चीच्या टाकीपर्यंत ३० मीटर, पाइपातलं घर्षण धरून ३३. एक हजार लिटर ३३ मीटर चढवायला निव्वळ ०.०९ युनिट लागतं. पंप-मोटरची एकत्र कार्यक्षमता ४० टक्के धरली तर ०.२२ युनिट. माणशी ५० लिटर म्हणजे दिवसाला ८,००० लिटर, म्हणजे पावणेदोन युनिट. तुमचा ५ एचपी पंप हे काम पाऊण तासाच्या आत करतो. सगळ्या इमारतीचं पाणी पावणेदोन युनिटांत चढतं, ही गोष्ट सभेत पहिल्यांदा सांगा.

जनरेटरवर मात्र हेच पाणी महाग पडतं. ६२.५ केव्हीए म्हणजे ५० किलोवॅटच्या यंत्रावर साडेचार किलोवॅटचा भार म्हणजे दहा टक्क्यांहून कमी. इंजिन जवळजवळ रिकामं फिरूनही तासाला तीन-चार लिटर पितं. शिवाय भार ३० टक्क्यांच्या खाली राहिला की सिलिंडर पुरता तापत नाही, न जळलेलं डिझेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, काळं तेल गळू लागतं. चालवायचाच तर पंप, लिफ्ट, घरांच्या बॅटऱ्यांचं चार्जिंग एकाच तासात घ्या. डिझेल साठवायला २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही, पण एका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नको, आणि अग्निशमनाच्या अटी वेगळ्या. आपल्या दमट हवेत ड्रमच्या तळाशी पाणी जमतं, डिझेल आणि पाणी भेटतात तिथे जीवाणूंचा चिकट थर धरतो आणि फिल्टर तुंबतो. ड्रम काठोकाठ भरलेला ठेवा, दर महिन्याला तळाचं पाणी काढा, सहा-आठ महिन्यांत साठा फिरवा.

खरा उपाय तुमच्या गच्चीवरच आहे, पण आज तो चालणार नाही. नेट मीटरिंगचा इन्व्हर्टर ग्रिड गेली की स्वतःहून बंद होतो, लाइनमनला शॉक लागू नये म्हणून. भर दुपारी २० किलोवॅट डोक्यावर आणि नळ कोरडा, असं होतं. बॅटरीचा खर्च टाळायचा तर पॅनेलची एक माळ (एकामागे एक जोडलेली पॅनेल) चेंजओव्हर स्विचने सोलर पंप ड्राइव्हवर, म्हणजे पॅनेलच्या डीसीवर पंपाची मोटर चालवणाऱ्या पेटीवर, वळवा. वीज असताना पॅनेल इन्व्हर्टरला, वीज गेली की पंपाला.

इथे चूक कुठे होते ते बघा. ४१५ व्होल्टच्या मोटरला ड्राइव्हकडे ५८० ते ६२० व्होल्ट डीसी लागतं. ५४० वॅटचं पॅनेल चालू भारावर ४१ व्होल्ट देतं, भार नसताना साडेएकोणपन्नास. तुमच्याकडे बहुधा १८-१९ पॅनेलच्या दोन माळा असतील. १८ गुणिले ४९.५ म्हणजे ८९१ व्होल्ट. या वर्गातले बरेचसे ड्राइव्ह ८०० च्या वर सोसत नाहीत, पहिल्याच सकाळी जळतात. १५ पॅनेलची माळ करा: चालू ६१५, रिकामी ७४२. स्विच आणि फ्यूज डीसीचेच हवेत. एसीचा एमसीबी लावला तर तो उघडताना ठिणगी विझत नाही, पेटी वितळते. काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरकडून, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी जोडल्या जाणार नाहीत असं यांत्रिक कुलूप असलेलाच स्विच.

पावसाळ्यात काय? ऊन कमी झालं की ड्राइव्ह पंप हळू फिरवतो, आणि सेंट्रिफ्युगल पंपाचा वेग ७० टक्क्यांवर आला की दाब निम्म्यावर येतो. ४५ मीटरचा पंप २२ वर. मोटर फिरतेय, पाणी चढत नाही. म्हणून १५ पॅनेलची माळ, पंपाच्या गरजेपेक्षा मोठी. तरीही जुलैत काळोखी दाटली की दोन-तीन दिवस भरवसा नाही. जिन्याच्या टोपीवर ४० चौरस मीटर स्लॅब असेल तर महिन्याला ८०० मिमी पावसात, २० टक्के वाया धरून, दिवसाला ८०० लिटर तिथेच गच्चीवर मिळतं, पंपाशिवाय. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी सोडून द्या, कबुतरांची विष्ठा असते.

आणि साठ्याचा हिशेब: १,२०,००० लिटर म्हणजे माणशी १३५ ने साडेपाच दिवस, ५० ने १५ दिवस, २० ने ३७ दिवस. तीन वेळापत्रकं आजच छापून ठेवा. गच्चीवरचे व्हॉल्व्ह बंद होतात का ते तपासा. बहुतेक इमारतींत ते वर्षानुवर्षं न फिरवल्याने गंजून गच्च झालेले असतात, आणि व्हॉल्व्ह फिरत नसेल तर रेशनिंग कागदावरच राहतं.

शंकासुर:

गणित छान. पण ड्राइव्ह जळला, पॅनेल फुटलं, सील मिळत नाही ही तुमचीच गृहीतकं. मग पावणेदोन युनिटांचं काय करायचं?

पंपहाऊस:

बरोबर प्रश्न. तेच ८,००० लिटर माणसाने चढवायचं तर? धडधाकट माणूस तासन्‌तास साधारण ७५ वॅट देतो. हातपंपाची झीज धरून रोजचे १६ माणूस-तास. जिन्याने २० लिटरच्या कॅनने ४०० फेऱ्या. हे कोणी करणार नाही. फक्त पिण्या-स्वयंपाकाचं माणशी पाच लिटर वर न्यायचं, तर ४० फेऱ्या. ४२ घरांत रोज घरटी एक फेरी, हे जमतं. बाकी वापर खाली उतरवावा लागेल: स्टिल्टमध्ये धुण्याचा ओटा, दोन न्हाणीघरं, तिथेच नळ. हा ओटा आत्ताच बांधा, खर्च किरकोळ आहे.

सुटे भाग: मेकॅनिकल सील दोन, मोटरच्या दोन्ही टोकांचे बेअरिंग दोन जोड, इंपेलर एक, फूट व्हॉल्व्ह एक, स्टार्टरची कॉइल आणि ओव्हरलोड रिले एकेक, ड्राइव्ह एक जादा. सील आणि बेअरिंग कोरड्या डब्यात ठेवा. जादा ड्राइव्ह दर सहा महिन्यांनी काही तास चालवा, नाहीतर आतले कॅपॅसिटर पडून पडून कमजोर होतात. पॅनेल सहसा मरत नाहीत. त्यांचे कनेक्टर मरतात, खारी हवा आहे इथे. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खुपसलेले असतील तर ते आधी बदला, तापून जळतात.

भरतीओहोटी:

पाण्यावर सगळे बोलतात, मैल्यावर कोणी नाही. नवी मुंबईत आधी तुंबणार ते हेच.

वाशी, कोपरखैरणे, नेरूळचा बराच भाग भरावाचा, मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली किंवा जेमतेम वर. सिडकोने म्हणून धारण तलाव आणि खाडीच्या तोंडाशी झडपा केल्या. भरतीला खाडीच्या दाबाने झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटीला निघून जातं. तलाव गाळाने उथळ झाला किंवा झडप अडकली की उरतो तो पंप, आणि त्याला वीज किंवा डिझेल. सांडपाण्याचंही तसंच, सपाट शहर असल्याने मैला जागोजागी पंपाने उचलून पुढे ढकलावा लागतो. हे पंप थांबले की मलवाहिनी भरते आणि सर्वांत खालच्या संडासातून वर येते. तुमच्या इमारतीत तो वॉचमनचा संडास.

करायचं काय: महापालिकेच्या लाइनला जोडण्याआधीच्या शेवटच्या चेंबरमध्ये १५० मिमीचा एकतर्फी व्हॉल्व्ह. त्याचं दुखणं एकच, केस, चिंधी, सॅनिटरी पॅड अडकलं की आतली झडप पूर्ण मिटत नाही. महिन्यातून एकदा उघडून साफ करायची, आणि तो चेंबर गाडीखाली येणार नाही असं बघायचं. दुसरं, हे सभेत ठसवून सांगा: व्हॉल्व्ह मिटलेला असताना वरच्या मजल्यांनी फ्लश केलं तर ते पाणी बाहेर जाऊ शकत नाही, आपलाच मैला आपल्याच वॉचमनच्या खोलीत येतो. स्टिल्टमध्ये एक लाल फलक ठेवा. फलक लागला की फ्लश बंद, सगळ्या मजल्यांना.

मग जायचं कुठे? २० लिटरची बादली, वर बसकण, आणि कोरडा थर: लाकडाचा भुसा, राख, कोकोपीट किंवा वाळका पालापाचोळा. प्रत्येक वेळी दोन मूठ. इंग्रजी व्हिडिओंमधली ही पद्धत आपल्याकडे एका कारणाने फसते: आपण पाण्याने धुतो. ते पाणी बादलीत गेलं की सगळं आंबतं, वास, माशा, अळ्या. धुण्याचं आणि लघवीचं भांडं वेगळंच हवं.

माणशी दिवसाला ३०० ग्रॅम धरले तर १६० जणांचे ४८ किलो, थरासकट साधारण १०० लिटर. दोनशे लिटरचं पिंप दोन दिवसांत भरतं, महिन्याला १५ पिंपं. झाकून, तळाशी भुसा घालून, एक वर्ष न हलवता ठेवायची. नंतर ते फळझाडांना, शेवग्याला चालेल, पालेभाजीला नको. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचे (मैल्याच्या खताचे) प्रयोग केले ते कोकणातच, आपल्याच पावसात, त्यामुळे ‘इथे जमत नाही’ हे खरं नाही. लघवी दहापट पाण्यात मिसळून झाडांना. शोषखड्डा मात्र पावसाळ्यात विसरा, भूजल हातभर खाली असतं, खड्डा उलटा भरतो.

जाता जाता: जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या फरशीला समतल असेल तर आजच त्याची कड दीड फूट उचला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला. तसा पाऊस आणि भरती जुळली तर तुमचा ८०,००० लिटरचा साठा एका तासात गटार होतो. मीटरची खोली आणि जनरेटरचा ओटाही त्याच मापाने उचला.

पंपहाऊस:

झाकणाच्या मुद्द्याला दुजोरा. त्याच्या जोडीला क्लोरीन. ८०,००० लिटरला लिटरमागे एक मिलीग्रॅम म्हणजे ८० ग्रॅम क्लोरीन, ताजी ३३ टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर २४० ग्रॅम. दमट हवेत ती उतरते, २० टक्क्यांवर आली तर ४०० ग्रॅम लागेल. आधी बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळी टाकीत. अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (पाण्यात उरलेला क्लोरीन रंगावरून दाखवणारी चाचणी) करा, अर्धा मिलीग्रॅम शिल्लक दिसायला हवा. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळातच खर्च होतो, म्हणून आधी तुरटी: २०० लिटरच्या पिंपाला चार ग्रॅमने सुरुवात, पाच मिनिटं हळू ढवळणं, दोन तास निवळू देणं. लांबच्या साठ्याला टीसीएल नव्हे तर एनएडीसीसीच्या (क्लोरीन सोडणाऱ्या) गोळ्या, बंद पाकिटात तीन ते पाच वर्षं टिकतात. ६७ मिलीग्रॅमची एक गोळी २० लिटर स्वच्छ पाण्याला. पावडर डिझेलजवळ किंवा ॲसिडजवळ कधीही नको.

आगोट:

कोकणात मृगाआधी घर भरून ठेवायची रीत होती, तिलाच आगोट म्हणायचे. सुके बोंबील, जवळा, सोडे, मीठ, कोकम, मिरची, लाकूडफाटा. चार महिने बाजार, होडी, वाट काहीच मिळणार नाही हे धरून केलेली बेगमी. आता तीच करायची, फक्त चार महिन्यांनी संपेल याची खात्री नाही. ७२ च्या दुष्काळात मिलो ज्वारी बाहेरून आली आणि लोक जगले. इथे आपण बाहेरूनच काही येत नाही असं धरतोय.

मोठ्या माणसाला महिन्याला धान्य १२ किलो, डाळ-कडधान्य अडीच किलो, तेल ९०० मिली, साखर-गूळ १ किलो. हे दिवसाला साधारण २,००० कॅलरी. दोन मोठे, दोन मुलं असं घर तीन महिन्यांना: धान्य ११५ किलो, डाळी २४, तेल साडेआठ लिटर, मीठ ४ किलो. सोसायटीचा एकत्र साठा करू नका. साडेचार टनांहून जास्त धान्य स्टिल्टमध्ये म्हणजे उंदीर आणि भांडणं. घराघरांत, आणि खाऊन फिरवायचं.

काय टिकतं: नाचणी वर्षानुवर्षं, पॉलिशचा तांदूळ, अख्खे गहू, अख्खे मूग. काय टिकत नाही: कुठलंही पीठ, बाजरीचं तर आठवड्यात कडू, हातसडीचा तांदूळ, गूळ पावसाळ्यात पाझरतो. म्हणून अख्खं धान्य, आणि मजल्यामागे एक जातं किंवा हातचक्की. तासाला दोन किलो धरा, म्हणजे चौघांच्या पोळ्यांना रोज अर्धा-पाऊण तास.

धान्य खराब होतं ते ओलाव्याने. मे महिन्यात गच्चीवर वाळवण घाला. तपासायला काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ, दहा मिनिटं हलवा. मीठ काचेला चिकटलं तर अजून ओलं. कडधान्यातले भुंगे मारायला काळ्या प्लास्टिकवर पातळ थर, वरून पारदर्शक प्लास्टिक, कडा दाबून कडक उन्हात दोन-तीन तास. आत ५५ अंशांच्या वर गेलं की अंडीही मरतात. मग पूर्ण गार करून, गरम भरलं तर आत घाम येतो, किलोला ५ मिली तेल चोळून हवाबंद पिंपात काठोकाठ. पिंप अर्धं ठेवलं तर आतली हवा किड्यांना पुरते.

सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका. ॲल्युमिनियम फॉस्फाइडला दमट हवा लागली की फॉस्फिन सुटतो, फटीतून शेजारच्या खोलीत जातो, झोपलेली माणसं दगावतात. गोदामाची गोष्ट घरात नको.

इंधन: तुरीऐवजी मूग आणि मसूर साठवा, निम्म्या गॅसात शिजतात. भात-आमटीला उकळी आणून, पाच मिनिटं ठेवून, भांडं गोधडीत किंवा थर्माकोलच्या खोक्यात तास-दीड तास दडपून ठेवा. दोन लिटरपेक्षा लहान भांडं लवकर निवतं, म्हणून दोन घरांचं एकत्र. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, खिडकी किलकिली असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सेक्टर_आठ:

खूप उपयोगी. दोन प्रस्ताव सभासदांकडून आधीच आलेत: गच्चीवर माती टाकून शेती, आणि गच्चीवरच आणखी ५,००० लिटरच्या चार टाक्या. आणि बोअरवर हातपंप बसेल का?

पंपहाऊस:

दोन्ही प्रस्तावांना नाही म्हणा. वावर असलेल्या गच्चीचा भार आयएस ८७५ (इमारतींवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चौरस मीटरला १५० किलो धरतात. २५ सेंटिमीटर ओली माती ४०० किलोंच्या वर. ५,००० लिटरची टाकी तर दोन-अडीच चौरस मीटरवर पाच टन. जुन्या इमारतीत स्लॅबचं गज आधीच गंजलेलं असतं. टाक्या स्टिल्टमध्ये जमिनीवर ठेवा. कुंड्या ठेवायच्या तर बीमच्या रेषेवर, कोकोपीट आणि कंपोस्ट, बोटभर जाडीच्या लाकडी पट्ट्यांवर, पाणी तुंबू न देता.

हातपंप: इंडिया मार्क-२ तुमच्या १५० मिमीच्या बोअरमध्ये बसतो, पाणी ४५ मीटरच्या आत असेल तर. आत सबमर्सिबल असेल तर तो आधी काढावा लागेल. मिनिटाला साधारण १२ लिटर. मचूळ पाणी संडास, फरशी, धुण्याला. जास्त उपसलं तर खाडीचं खारं पाणी बोअरकडे ओढलं जातं आणि ते परत पहिल्यासारखं व्हायला वर्षं लागतात, म्हणून उपशाची रोजची मर्यादा ठरवा.

आगोट:

गच्चीच्या शेतीबद्दल अजून एक हिशेब. कोकणात एकराला दहा-बारा क्विंटल भात, कांडून सात क्विंटल तांदूळ, म्हणजे पाच मोठ्या माणसांचं वर्ष. ठाणे आणि नवी मुंबई दोन्ही शहरांत मिळून २०११ च्या जनगणनेत जवळपास तीस लाख लोक होते. सहा लाख एकर लागतील. गच्चीवर अळू, मायाळू, मेथी करा, जीवनसत्त्वांसाठी. धान्यासाठी मुरबाड, शहापूर, पेणच्या दोन-तीन शेतकरी गटांशी दिवाळीनंतर दरवर्षी थेट खरेदीचा व्यवहार लावा, आजच्या भावाने, दलाल हाताशी असले तरीही. टंचाईत अनोळखी माणसाला धान्य कोणी देत नाही, दहा वर्षांच्या गिऱ्हाइकाला देतात.

शंकासुर:

हे पटलं. फक्त जातं विकत घेताना टाकी लावलेलं, म्हणजे छिन्नीने खाचा पाडलेलं, बघून घ्या. हल्ली शोभेची गुळगुळीत जाती मिळतात, त्यात गहू नुसता फिरतो.

पंपहाऊस:

एक दुरुस्ती माझ्या यादीत. सील आणि बेअरिंग पंपाच्या नेमप्लेटवरून मागवू नका. पंप एकदा रिवाइंड झाला असेल तर मिस्त्रीने शाफ्ट घासून वेगळं माप बसवलेलं असतं. पंप उघडून कॅलिपरने शाफ्ट मोजा, बेअरिंगच्या कडेवरचा आकडा वाचा आणि पंपघराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवा.